निवाड्यामागच्या अटी

प्रत्यक्ष तारा न ओढता संगणकजालाचा व्यवहार पडताळून पाहण्याचे काम मी बमरोलीच्या यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात बसून करतो, आणि हे काम म्हणजे आज्ञा देऊन आकडे वाचणे एवढेच, असे ज्यांना वाटते त्यांच्यापुढे मी प्रथम पर्यायांची फाइल उघडून ठेवतो. कारण आपण यंत्राला नेमके काय विचारले, याची खरी नोंद प्रतिकृतीइतकीच त्या फायलीत असते. ओम्नेट प्लस प्लस या संगणकजालाची प्रतिकृती चालवणाऱ्या साधनाची फाइल वरून खाली वाचली जाते व जुळणाऱ्या पहिल्या ओळीचा अंमल होतो, म्हणून सर्व रांगांना लागू पडणारी मोघम ओळ वर लिहून एखाद्या राउटरपुरती खास तजवीज तिच्याखाली केली, तर ती तजवीज कागदावरच राहते. एनएस-३ या तशाच दुसऱ्या साधनात यादृच्छिक अंकांचे बीज मुळातच ठरलेले असल्यामुळे काहीही न बदलता प्रयोग पुन्हा केला की तेच आकडे परत येतात, आणि नवशिक्या त्यालाच पुरावा मानतो.

परंतु माझे मन अधिक गुंतते ते जेरार्ड होल्झमन यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या आणि 1991 पासून सर्वांना खुल्या असलेल्या ‘स्पिन’ या पडताळणी-साधनात. त्याच्या अहवालात ‘एरर्स : 0’ ही अक्षरे दिसताच निवाडा लिहायला हात पुढे सरकू पाहतो, मात्र शोधाची खोली मुळात 10,000 पावलांवर बांधलेली असते, आणि ती अपुरी पडल्याचा इशारा त्याच अहवालात एका ओळीत येऊन गेलेला असतो. मागावर ताण्याचा ताण चुकला तरी ग्रे, म्हणजे न रंगवलेले, कापड निर्दोष दिसते आणि पट्टा उमटतो तो पांडेसऱ्याच्या रंगाईत. त्या शून्याचेही तसेच आहे. ‘सेफ्टी’ हा पर्याय लावून संकलन केले की काम झपाट्याने होते खरे, पण व्यवहार चालू दिसत असूनही एकच फेरा अनंत काळ फिरत राहण्याचा जो दोष, त्याची चौकशीच होत नाही.

डीफॉल्ट हादेखील कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांतच वारंवार आपोआप पुनःप्रारंभ होऊ लागले, तेव्हा हवामानाची नोंद घेणाऱ्या कनिष्ठ कार्याने धरून ठेवलेल्या कुलपामुळे वरिष्ठ कार्य अडून राहते व मधल्या दर्जाची कार्ये त्या कनिष्ठाला पुढे सरकू देत नाहीत, असे निष्पन्न झाले. त्या कुलपाचा अग्रक्रम-वारशाचा, म्हणजे कुलूप धरणाऱ्या कनिष्ठाला अडलेल्या वरिष्ठाचा दर्जा तात्पुरता देण्याचा, पर्याय बंद होता, आणि पृथ्वीवरून तो चालू करताच यान स्थिरावले. पुढे होल्झमन यांनी हा प्रसंग स्पिनच्या छोट्याशा प्रतिकृतीत बसवून दाखवला. ती मी शिकणाऱ्यांकडून आवर्जून चालवून घेतो.

माझा शिरस्ता असा : खोली अपुरी पडली तर ती वाढवायची, स्मृती संपू लागली तर आधी ‘कोलॅप्स’ने अवस्था दाबून साठवायच्या, आणि ‘बिटस्टेट’कडे सर्वांत शेवटी वळायचे, कारण त्यात काही अवस्था न तपासताच सुटू शकतात. तो वापरावाच लागला, तर दप्तरी पर्यायांची सबंध यादी उतरवून तिच्याखाली ‘दोष नाही’ असे न लिहिता ‘दोष आढळला नाही’ असे लिहितो.