शब्दांत आणि आकड्यांत

आमची वीस वर्षे कारकुनीत गेली. रक्कम आधी शब्दांत, मग आकड्यांत लिहायची, हे हाताला बसलेले. म्हणून महाडजवळच्या गांधारपाले लेण्यात एका जाणकाराने ब्राह्मी लेख वाचून दाखवला, तेव्हा आम्ही चकित झालो. कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याच्या दोन टाक्या दान दिल्याची ती नोंद. त्यात ‘आठ’ आणि ‘दोन’ हे शब्द आहेत आणि पुढे त्यांचे आकडेही आहेत! सुमारे 1,900 वर्षांपूर्वीची ही चोख नोंद.

पुढे मेसोपोटेमियाविषयी, म्हणजे आजच्या इराकविषयी वाचले. तिथे लिहिण्याची सुरुवातच हिशेबातून झाली. 5,000 वर्षांपूर्वी तिथले कारकून ओल्या मातीच्या छोट्या पाटीवर बोरूने खुणा दाबत : इतके जव, इतकी मेंढरे. नंतरच्या काळात करार पाटीवर लिहून तिला मातीचेच पाकीट चढवीत. पाकिटावर तोच मजकूर पुन्हा लिहून साक्षीदारांच्या मुद्रा उठवीत. वाद झालाच, तर पाकीट फोडून आतली पाटी वाचायची. अस्सल आत, नक्कल बाहेर.

हे वाचून आमची मान खाली गेली. पोलादपूरकडच्या एका विधवा मावशींनी वारसनोंदीचे कागद विश्वासाने आमच्याकडे दिले होते. झेरॉक्स उद्या काढू, परवा काढू, असे म्हणत आम्ही ते पेटीत ठेवले. जुलै 2021 च्या पुरात सावित्रीचे पाणी घरात शिरले. चिखलातून पेटी काढली, तर कागदांचा लगदा झालेला. मावशी एवढेच म्हणाल्या, “भाऊ, माझं नाव तरी वाचता येतंय का?”

येत नव्हते.

कचेऱ्यांतून नकला मिळवायला सात महिने लागले. हेलपाटे आम्ही घातले; पण झोप उडाली ती मावशींची.

आता कोणी कागद आणले की आम्ही आधी झेरॉक्स काढतो आणि अस्सल त्यांच्याच हाती परत देतो. आयाबायांनो, ते उंच फळीवर ठेवा. कागद कोणाकडेही द्या, अगदी आमच्याकडेसुद्धा, पण पोच मागायला लाजू नका. दगडावर कोरणाऱ्या कुमारानेही आकडा दोनदा लिहिला. आपले तर सारे कागदावरच आहे.