बंद दार आणि पोटातली भीती

दाराची कडी जोरात वाजली तरी माझ्या छातीत धस्स होते. घरातील वडीलधारी मंडळी याचे एकच कारण सांगत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, तेव्हा आईला पाचवा महिना होता, “पोरगी पोटातच भ्याली.” त्या बोलण्यात आईवर ठपका असे. ती मुकाट्याने ऐकून घेई.

या समजुतीशी जुळणारा उंदरांवरील एक प्रयोग विल्यम थॉम्प्सन यांनी १९५७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कर्कश आवाज झाला की विजेचा धक्का बसतो आणि दार उघडून पलीकडे गेले की सुटका होते, हे त्यांनी माद्यांना आधी शिकवले. त्या गाभण राहिल्यावर रोज तोच आवाज ऐकवला. धक्का दिला नाही. मात्र दार बंद ठेवले. या माद्यांची काही पिले जन्मानंतर दुसऱ्या माद्यांनी वाढवली. तरीही मोकळ्या जागेत ती कमी हिंडत, पिंजऱ्याबाहेर पडायला वेळ लावत.

नुसती धास्ती पिलांपर्यंत पोहोचते कशी, याची एक वाट पुढे उलगडली. भ्यालेल्या मातेच्या अधिवृक्क ग्रंथींतून ताणाचे संप्रेरक स्रवते. माणसात कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. वारेतील एक विकर त्याचा बराचसा भाग निष्प्रभ करते. ताण लांबला तर हा पहारा ढिला पडू शकतो, आणि गर्भाच्या मेंदूत ताण आवरणारी यंत्रणा नेमकी तेव्हाच घडत असते.

याला सरसकट व्यंग म्हणणे मात्र मला पटत नाही. कॅनडातील लाल खारींची दाटी वाढली की माद्यांचे हेच संप्रेरक वाढते, आणि त्यांची पिले झपाट्याने वाढतात. गर्दीत जागा मिळवायची तर ते हवेच! शिवाय उंदरांच्या गटांतील सरासरी फरकावरून एका माणसाच्या स्वभावाचे निदान होत नाही. माझे दचकणे पुरामुळेच, असे कोणताही वैद्य छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

थॉम्प्सनच्या प्रयोगात माझे लक्ष त्या दारावरच खिळते. सुटकेची वाट मादीला ठाऊक होती; ती दुसऱ्याने अडवली होती.

सध्या माझ्या भाचीला सहावा महिना आहे. “आनंदी राहा” असे तिला दिवसातून चार जण बजावतात. तिची रात्रपाळी बदलून मिळेल का, याची चौकशी मी चालवली आहे.