सोडलेला मासा आणि वाढलेला मासा

मासा या विषयावर आमच्यासारख्या शाकाहारी गृहस्थानें लेखणी उचलावी हें पाहून कित्येक वाचकभगिनी भुवया चढवितील, आणि एखादी आजीबाई हा अंक देवघराजवळून उचलून ओसरीवर नेऊन ठेवील. त्यांनीं निश्चिंत असावें. पुढील मजकुरांत कोणताही मासा शिजविला जात नाहीं. आमचा मत्स्यजातीशीं संबंध आयुष्यांत दोनच ठिकाणीं आला. एक दशावतारांच्या तसबिरींतील पहिल्या चौकटींत, आणि दुसरा आमच्या कोंकणांतील गांवीं, देवळाखालच्या डोहांत.

तो डोह आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, आम्हांस प्रथम दाखविला. नैवेद्य झाला कीं ते मूठभर भात नाहींतर चुरमुरे घेऊन पायऱ्या उतरत, शेवटच्या पायरीवर बसत आणि हात पाण्यावर नुसता धरीत. भात पडण्यापूर्वींच खालून काळसर पाठी वर येत. मोठमोठ्या खवल्यांवर ऊन चमके. त्यांत एकाचा वरचा पर फाटलेला होता. त्यास दादा "बंडोपंत" म्हणत. गांवांत मासे मारून पोट भरणारीं घरें होतीं. परंतु देवळापासून खालच्या वळणापर्यंत त्यांच्यापैकीं कोणीही कधीं गळ टाकला नाहीं. महाडकडील वाळणकोंड किंवा वाड्याजवळचें तिळसें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस असल्या डोहाचें अधिक वर्णन नको.

दादा २०२० सालीं गेले. दोन वर्षांनीं, आम्ही उभयतां थोरल्या मुलीकडे अमेरिकेंत असतांना, गांवाहून पत्र आलें. वरच्या अंगास कोणीतरी ब्लीचिंग पावडर टाकून व सुरुंगाच्या कांड्या उडवून मासे धरूं लागले होते. डोहांतील मासे पुष्कळच कमी झाले होते. तेव्हां मंडळानें ठरविलें होतें कीं, विकत मिळणारी रोहू-कटल्याची बोटुकली आणून डोहांत सोडावी, खर्च आम्हीं द्यावा, आणि घाटाच्या भिंतींत दादांच्या नांवाची शिळा बसवावी. मंडळाचा चिटणीस म्हणजे दादांचा चिरंजीव, आमचा पुतण्या. पत्राच्या अखेरीस त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलें होतें, "बाबांना हें फार आवडलें असतें."

आम्हीं त्याच रात्रीं होकार लिहून ठेविला. तो सकाळीं गेला नाहीं इतकेंच; आणि त्याचें कारण शेजारचे वृद्ध गृहस्थ.

आमचे जांवई मोंटाना संस्थानांतील बोझमन गांवीं असतात. त्यांच्या शेजारीं ऐंशीच्या घरांतील एक गृहस्थ राहतात, ज्यांस ट्राउट माशांवांचून दुसरा विषय माहीत नाहीं. त्या दिवशीं ते आम्हां सर्वांस मोटारींत घालून मॅडिसन नदीवर घेऊन गेले. ही नदी यलोस्टोनच्या ऊन पाण्याच्या प्रदेशांत दोन प्रवाह मिळून उगम पावते आणि पुढें आणखी दोन नद्यांस मिळून मिसूरी बनते. पाणी गुडघाभर, थंडगार, आणि इतकें स्वच्छ कीं तळचा गोटा न् गोटा मोजावा. म्हाताऱ्यानें पिसांची एक कृत्रिम माशी दोरास बांधून अर्धा तास पाण्यावर फेंकली, एक मासा धरिला, ओल्या हातानें क्षणभर आम्हांस दाखविला आणि सोडून दिला. आमच्या मंडळींनीं मुलीस हळूच विचारिलें, "खायचा नव्हता, तर टोंचला कशाला?" मुलीनें तें इंग्रजींत सांगितलें. म्हातारा हंसला नाहीं. "हा प्रश्न मला माझ्या बायकोनेंही विचारला होता," इतकेंच म्हणाला.

परततांना आम्हीं त्यांस आमच्या डोहाची व पत्राची हकीकत सांगितली. ते मोटार हांकीत होते. बऱ्याच वेळानें म्हणाले, "सोडूं नका. मीही एकेकाळीं सोडा म्हणणाऱ्यांतला होतों."

त्या संस्थानांत पूर्वीं दरवर्षीं नद्यांत ट्रक भरभरून मासे सोडीत. ट्राउटची अंडीं माणसानें हातानें काढावयाचीं, फळवलेलीं अंडीं तबकांत उबवावयाचीं, पिलें सिमेंटच्या लांब हौदांत दाणा टाकून वाढवावयाचीं, आणि धरण्याजोगीं झालीं कीं उन्हाळ्याच्या तोंडीं नदींत ओतावयाचीं. ट्रक कोणत्या पुलावर येणार याची बातमी लोकांस आधींच असे. सरकारनें परवान्याचे पैसे घ्यावे व मासे द्यावे, हा व्यवहार सर्वांस उघड व न्याय्य वाटे. म्हाताऱ्याच्या वडिलांचें गळ-दोऱ्यांचें दुकान होतें. ट्रक आला कीं दुकान चाले.

मग त्या खात्यांतील डिक व्हिन्सेंट नांवाच्या जीवशास्त्रज्ञानें एक साधी गोष्ट केली. त्यानें मासे मोजले. पाण्यांत सौम्य वीजप्रवाह सोडून मासे क्षणभर गुंगवावयाचे, मोजून खूण करावयाची आणि पुन्हा सोडावयाचे. १९७० च्या सुमारास मॅडिसनच्या व्हार्नी नांवाच्या टापूंत त्यानें मासे सोडणें थांबविलें. आणि जवळच्या ओडेल नांवाच्या ओढ्यांत, जेथें पूर्वीं सोडीत नसत, तेथें मुद्दाम सोडून पाहिले. आमच्या शिळेच्या हिशेबानें पहिला टापू ओस पडावा आणि दुसरा भरून वाहावा. झालें उलट. व्हार्नीस नदींतच जन्मलेले ट्राउट वाढले, त्यांतही रेनबो जातीचे तर कित्येक पटींनीं. आणि ओढ्यांतील रानचे मासे घटले.

हें कां व्हावें? म्हाताऱ्यानें सांगितलें तें आम्हांस घरगुती कारभाराशीं फार जुळतें वाटलें. वाहत्या पाण्यांत प्रत्येक माशाची जागा ठरलेली असते. दगडाच्या आडोशास पाणी संथ, शेजारच्या धारेंतून किडामुंगी वाहत येते; तेथें थोडक्या श्रमांत पोट भरतें. थोरल्याची जागा थोरल्याकडे, धाकट्याची धाकट्याकडे. अशा वसलेल्या घरांत एके दिवशीं पांचशें पाहुणे शिरतात, ज्यांस आडोसा म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं. माणसाची सावली दिसली कीं हौदांतले मासे पळत नाहींत, दाण्याच्या आशेनें जवळ येतात. ते सगळ्यांस ढकलतात, सगळ्यांशीं भांडतात. घरचे व पाहुणे दोघेही शक्ति घालवून बसतात. पुढें पाहुणे बहुतेक हिंवाळ्यापूर्वींच मरतात. घरच्यांची मोडलेली घडी मात्र लौकर बसत नाहीं.

हे आंकडे पुढें आल्यावर उपाहारगृहवाले, दुकानदार, गळ टाकणारे, सर्व खवळले. म्हाताऱ्याने स्वतः सभेंत उभें राहून व्हिन्सेंटला उद्देशून जें म्हटलें तें त्यानें आम्हांस सांगण्याचें नाकारलें. तरी १९७४ सालीं मोंटानानें नियम केला कीं, ज्या वाहत्या पाण्यांत ट्राउट स्वतः वीण करून टिकूं शकतात तेथें सोडूं नयेत. तळ्यांतून, जेथें विणीस ओढा नाहीं, अद्यापि सोडतात. दुकान बुडालें नाहीं. आज त्या नदीवर देशोदेशींचे लोक येतात ते त्या रानच्या माशांसाठींच.

येथेंच हकीकत संपली असती तर आम्हांस ती फार गुळगुळीत वाटली असती. परंतु आमच्या जांवयांनीं मागच्या बाकावरून एक खडा टाकला. म्हणाले, "हे 'रानचे' मासे तरी येथले कोठें आहेत?" आणि तें खरें निघालें. ब्राउन ट्राउट हा युरोपांतला. त्याचीं अंडीं १८८३ सालीं जर्मनींतून अमेरिकेस प्रथम आलीं. रेनबो पॅसिफिककडील, कॅलिफोर्नियांतील पाण्यांतून पसरविलेला. मॅडिसनचा मूळचा रहिवासी 'कटथ्रोट', गळ्याखालीं तांबडी रेघ असलेला ट्राउट. त्याची जागा या दोघांनीं बहुतेक घेतली. म्हणजे आज ज्यास रानचा म्हणून जपावयाचें तो शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं कोणीतरी सोडलेलाच मासा. आमचें घराणें देशावर येऊन चार पिढ्या झाल्या, तरी लग्नाच्या याद्या होतांना लोक आम्हांस कोंकणांतलेच म्हणतात. तेव्हां या प्रश्नावर आम्हीं फार ठाम मत देणें बरें नव्हे. रानचा आणि मूळचा हे दोन निरनिराळे शब्द आहेत, एवढें मात्र ध्यानांत आलें. पुढें मॅडिसनच्याच खोऱ्यांतील चेरी क्रीक नांवाच्या ओढ्यांत परके ट्राउट औषध घालून काढून टाकले आणि कटथ्रोट पुन्हा वसविले, तेव्हां तेही माणसानेंच नेऊन सोडावे लागले. सोडणें हें सर्वथैव पाप आहे असें म्हणावयास म्हणून आम्ही धजत नाहीं.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्यानें घराशीं आल्यावर, मोटार थांबवून सांगितली. १९९४ सालीं मॅडिसनमध्यें एक रोग सांपडला. त्यांत लहान ट्राउट आपल्याच शेंपटीमागें भिरभिरत राहतो व मरतो. त्याचा जंतु मूळचा युरोपांतला. माशांच्या ने-आणींतून तो अमेरिकेंत आला. नदीच्या कांहीं भागांत दहा रेनबोंपैकीं नऊ नाहींसे झाले. तेव्हां पुन्हा सगळे म्हणूं लागले कीं, आतां तरी ट्रक आणा. खात्यानें आणला नाहीं. उरलेल्यांतून वीण होत गेली आणि कांहीं वर्षांनीं संख्या बऱ्याच अंशीं सावरली. "तीं कांहीं वर्षें मी नदीवर गेलों नाहीं," म्हातारा म्हणाला. "पाहवत नसे."

त्या रात्रीं आम्ही जांवयांच्या यंत्रावर आपल्याकडील हकीकत धुंडाळीत बसलों. ट्राउट आपल्याकडे इंग्रजांनीं आणला. काश्मीरसाठीं १८९९ सालीं धाडलेलीं अंडीं फुकट गेलीं आणि १९०० सालीं दुसरा प्रयत्न सफळ झाला. परंतु आमच्या डोहास त्याहून जवळची कथा लोणावळ्यास सांपडली. आपल्याकडील महाशीर माशाची 'खुद्री' ही जात शास्त्राच्या पुस्तकांत प्रथम नोंदली गेली ती कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं, पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंतल्या माशांवरून. ही जात कमी होत चालली असें पाहून लोणावळ्यास टाटांच्या वीजकंपनीच्या वळवण तलावापाशीं, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखालीं, १९७० नंतर तिचीं अंडीं उबवून बोटुकली वाढविण्याचें काम सुरू झालें. काम मोठें, हेतु निर्मळ. बोटुकली अनेक राज्यांस पुरविली. ती कावेरीच्या खोऱ्यांतही गेली. आणि कावेरींत एक स्वतःचा महाशीर होता, पाठीस वशिंडासारखा उंचवटा असलेला, ज्याच्यापैकीं १२० पौंडांचा एक १९४६ सालीं कबिनी नदींत गळास लागल्याची नोंद आहे. आमच्या सह्याद्रीचा पाहुणा तेथें असा फोंफावला कीं घरधनी दिसेनासा झाला. धरणें, वाळूउपसा, सुरुंग हींही कारणें आहेतच. परंतु अभ्यासक या पाहुण्यासही मोठें कारण मानतात. त्या वशिंडवाल्याचें शास्त्रीय नांव निश्चित झालें २०१८ सालीं, आणि त्याच वर्षीं तो जगांतून नाहींसा होण्याच्या अगदीं कांठावर असल्याचें जाहीर झालें.

रोहू आणि कटला हे तर गंगेकडील मासे. आमच्या पश्चिमेस वाहणाऱ्या, उन्हाळ्यांत डोहाडोहांपुरत्या उरणाऱ्या नदीचे ते नव्हेत. होकाराचें पत्र आम्हीं फाडलें आणि दुसरें लिहिलें. डोह अगदीं रिकामा असता तर गोष्ट वेगळी होती. परंतु आपल्याच पत्रावरून कांहीं मासे उरले आहेत असें दिसतें, तेव्हां त्यांच्यांत दुसरे आणून घालूं नयेत. तीच रक्कम आम्ही देतों. तींतून मार्च ते जून वरच्या अंगास एक राखणदार ठेवावा, आणि पावडर टाकणाऱ्याविरुद्ध फिर्याद द्यावी लागली तर तिचा खर्च करावा. शिळेविषयीं आम्हीं कांहींच लिहिलें नाहीं. तें लिहावयास हवें होतें.

पुतण्याचें उत्तर महिन्यानें आलें. पत्र मंडळाच्या कागदावर, 'आपला विश्वासू' अशी सही. खालीं, पूर्वीसारखेंच, हातानें एक ओळ: "काकांनीं बाबांच्या नांवानें एक मासाही सोडूं दिला नाहीं." ती ओळ आम्हीं मंडळींस दाखविली नाहीं. तिनें कपाटांतून ती काढून वाचलीच, आणि म्हणाली, "तुमचें बरोबर असेल; पण पोराला बापाचें नांव कोरलेलें पाहायचें होतें, मासे नव्हेत." यावर आमच्याकडे व्हिन्सेंटचे आंकडे होते, ते तेथें उपयोगी पडले नाहींत.

राखणदार मात्र ठेवला गेला. पहिल्या उन्हाळ्यांत तो अर्धा वेळ देवळांत झोंपे असें कळलें; दुसऱ्या उन्हाळ्यास, ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी होती त्यांतीलच एका तरुणास नेमलें, आणि रात्रीं दोनदां त्यानें पावडरीचीं पोतीं परत पाठविलीं.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही गांवीं गेलों. नैवेद्य झाल्यावर आम्हीं मूठभर भात घेतला व पायऱ्या उतरलों. गुडघे पूर्वीसारखे नाहींत. शेवटच्या चार पायऱ्यांवर पुतण्यानें न बोलतां कोंपर धरिलें. घाटाच्या भिंतीस शिळेसाठीं केलेला कोनाडा तसाच रिकामा होता. त्यांत कोणी पणती लावून गेलें होतें. भात टाकला. पुष्कळ वेळ कांहीं आलें नाहीं. मग खालून एक पाठ वर आली, मग दोन, मग पाणी हललें. मोठे फार नव्हते, वीतभर, हातभर. आम्हीं मनांत मोजले आणि म्हणालों, "अकरा."

पुतण्या आमच्या खांद्यावरून वांकून पाहत होता.

"तेरा," तो म्हणाला. "त्या खडकाखालीं दोन आहेत."