पाण्यातले माहेर

‘चतुर’ आणि ‘टाचणी’ हे दोन वेगळे कीटक आहेत, असे आमच्या गावात सांगितले तर लोक हसतील. पाण्याकाठी भिरभिरते ते सारे चतुरच! पण बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर आणि बहुधा पाठीवर मिटून घेते ती नाजूक टाचणी. मी कला शाखेची. विज्ञान दहावीनंतर सुटले. पण आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे ‘हे तुझ्या विषयाचे पुस्तक नव्हे’ असे म्हणणारे घरी कुणी नाही. ग्रंथालयात हाती येईल ते वाचते. चतुरांची खरी ओळख अशीच झाली.

या कीटकांचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. एफ. सी. फ्रेझर या लष्करी डॉक्टरांनी त्यांच्यावर लिहिलेले तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात निघाले. तरी शोध संपलेला नाही. २०१९ साली सिंधुदुर्गातून आणि २०२१ साली साताऱ्याजवळच्या ठोसेघरहून टाचणीच्या नव्या जातींची नोंद झाली.

मला सर्वांत नवल वाटले ते संशोधकांच्या एका साध्या प्रश्नाचे. चतुर दिसला, म्हणजे तो तिथलाच का? मालदीव बेटांवर दर ऑक्टोबरात चतुरांचे थवे उतरतात. त्यांच्या वाढीला लागणारे गोडे पाणी मात्र तिथे जवळजवळ नाहीच. ते भारताकडून समुद्र ओलांडून येतात आणि पुढे आफ्रिकेकडे जातात, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. मग चतुराचे घर कोणते? जिथे त्याची अळी वाढली, ते पाणी. ही अळी कित्येक आठवडे, काही जातींत काही वर्षे, पाण्यातच राहते. डासांच्या अळ्या खाते. दिवस भरले की काठच्या गवतावर चढते, पाठ उकलते आणि पंख फुटलेला चतुर बाहेर पडतो. मागे उरते कोरडी कात. अभ्यासक ती शोधतात, कारण रहिवासाचा पुरावा तीच. पुढे मादी अंडी घालायला पाण्याकडेच परतते. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तशीच.

गेल्या वर्षी आमच्या ओढ्याचे खोलीकरण झाले, काठ सिमेंटने बांधले गेले. बाबांच्या विहिरीचे पाणी यंदा टिकले, हे मी नाकारीत नाही. त्याच पाण्यावर माझी फी भरली गेली. पण दिवाळीच्या सुटीत मी काठ धुंडाळला. बांधलेल्या भागात चतुर उडत होते, कात एकही नव्हती. मारुतीच्या देवळामागचे एक वळण तेवढे सुटले आहे. तिथल्या लव्हाळ्यावर सात सापडल्या. एवढ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण माहेर कुठे उरले आहे, ते दिसले.

आता ते वळणही बांधायचे घाटत आहे. बाबांना मी एक कात दाखवली. तळहातावर घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “पाणी अडवा, पण तेवढा काठ सोडा, असं सांग की ग्रामसभेत.”

सांगणार आहे. आमच्या घरातून तिथे उभी राहून बोलणारीही मी पहिलीच असेन.