स्मृति नगरातला अभ्यास

सुट्टीत घरी आलेय. शीतयुद्धाचा पेपर तोंडावर आहे, नि गच्चीवर पुस्तक उघडून बसले तर आजोबा विचारतात, "पोरी, आंतरराष्ट्रीय म्हणजे नक्की काय शिकतेस गं?"

काय सांगू? ते गोंदियाहून इथे भिलाईत आले ते पोलाद कारखान्यात नोकरीला. 2 फेब्रुवारी 1955 ला या कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार झाला, 1959 मध्ये पहिली धमनभट्टी पेटली. त्याच काळात राउरकेला जर्मनांनी उभारलं, दुर्गापूर इंग्रजांनी. बोकारोत अमेरिकेची मदत फिसकटली, तिथेही रशियनच आले. अलिप्ततावादाची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. आमच्या पुस्तकात मात्र त्यावर चाळीस पानं आहेत, आणि चाळिसांतली तीस निव्वळ झोप आणणारी!

आजोबांना रशियन चार शब्द येतात. 'स्पासिबा', 'खराशो', उरलेले दोन आजीसमोर उच्चारायचे नाहीत म्हणे. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण असलेल्या इथल्या मैत्री बागेला ते अजून 'रशियावाल्यांची बाग' म्हणतात.

ते बोलत होते, मी समासात लिहीत होते. खालून आजीची हाक आली, "पोहे निवतायत!" माझी नोंद 1955 च्या करारावरच थांबली.