मार खाणाऱ्यानेच तक्रार का करायची?

रुग्णालयात कर्मचाऱ्यावर हात उचलला गेला की त्यालाच विचारतात, "तुम्हाला तक्रार करायची आहे का?" परिचर्या प्रशासनात आयुष्य गेल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की हे विचारणंच चुकीचं आहे. यंत्राची काच फुटली तर संस्था स्वतःहून अहवाल वर पाठवते. सिस्टरचा हात मुरगळला तर मात्र ती सिस्टरची खासगी बाब ठरते.

सिस्टर तक्रार का करत नाही? रात्रपाळी संपवून पोलीस ठाण्यात जबाब द्यायचा, पुढे सुटीच्या दिवशी कोर्टाच्या तारखा. कंत्राटी असेल तर करार वाढेल की नाही ही धास्ती. त्यात वरिष्ठ म्हणतात, "सोडून द्या सिस्टर, लोक दुःखात असतात."

वॉर्डच्या रिपोर्ट बुकात मी एकदा नोंद वाचली होती: "रात्री नातेवाईकांनी वाद घातला. समजूत काढली." मी त्या सिस्टरला समोर बसवून विचारलं, तेव्हा बाही वर करून तिने मनगटावरचे वळ दाखवले. एका पासवर चौघे आत आले होते. रुग्णाची तब्येत बिघडत होती आणि संध्याकाळपासून एकही डॉक्टर घरच्यांशी बोललेला नव्हता. साठ खाटांच्या वॉर्डात ती आणि एक मावशी, दोघीच होत्या. पुन्हा असं घडू नये म्हणून काय करायला हवं, ते या तपशिलात होतं. नोंदीत त्यातलं काहीच नव्हतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राने 2010 साली वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपर्यंत, मोडतोडीची भरपाई दुप्पट. तरीही 2017 च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. म्हणजे कायदा असूनही मारहाण थांबत नाही, आणि घटना कागदावरच आली नाही तर कडक कायदाही पडून राहतो.

कागदावर काय येतं यावर किती अवलंबून असतं, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयाच्याच सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. खटला मात्र खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी एवढ्यापुरताच चालला आणि आरोपी सात वर्षांच्या शिक्षेवर सुटला. अरुणा 18 मे 2015 पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरची हत्या झाली. एफआयआर उशिरा का नोंदला, असं सर्वोच्च न्यायालयाने विचारलं. 16 ऑगस्टला केंद्रीय आरोग्य खात्याने आदेश काढला: कामावरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. इतकी वर्षं आम्ही हेच मागत होतो.

पण एफआयआर म्हणजे सगळी नोंद नव्हे. तापाच्या भ्रमात रुग्ण सिस्टरला लाथ मारतो, तेव्हा त्याच्यावर गुन्हा कोणी घालणार नाही, घालूही नये. नोंद मात्र हवीच, कारण पुढच्या पाळीतल्या सिस्टरला सावध करायचं असतं. कॅलिफोर्नियात 2017 पासून रुग्णालयांना अशा घटनांचं रजिस्टर ठेवावं लागतं. शारीरिक बळ वापरलेली घटना, तिने इजा होण्याचा मोठा संभव असेल तर इजा झाली नसली तरी, 72 तासांत सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. इजा झाली असेल किंवा तातडीचा धोका असेल तर 24 तासांत. ते कळवतो मालक, मार खाणारा नाही. शिवाय कर्मचाऱ्याने माहिती दिली म्हणून त्याला त्रास देता येत नाही.

आपल्याकडेही हे जमेल. प्रत्येक पाळीत शिवीगाळ, धमकी, धक्काबुक्की सगळं लिहिलं जावं: वेळ, जागा, हजर कर्मचारी, आत किती माणसं होती, घरच्यांशी शेवटचं कोण आणि केव्हा बोललं. दर महिन्याला संस्थाप्रमुखांनी ते वाचून त्यावर काय केलं ते खाली सहीनिशी लिहावं.

अधिष्ठात्यांना आणि खासगी रुग्णालयांच्या मालकांना माझं सांगणं आहे: नोंदी वाढल्या म्हणून संस्थेचं नाव खराब होत नाही. जिथे एकही नोंद नाही, तिथे कर्मचारी बोलायला घाबरतात एवढंच सिद्ध होतं. पुढच्या वेळी सिस्टरला "तक्रार करायची आहे का" असं विचारू नका. तिच्यावर उपचार करा, तिला घरी पोहोचवा आणि तक्रारीवर स्वतः सही करा.