इंजिनाचे नाव आणि इंजिनाचे घराणे

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि कालांतराने तो खडखडाट शीव ओलांडून आमच्या कबनूरच्या गल्लोगल्ली येऊन राहिला. त्यामुळे धोटा अडकला की सूत तुटले, हे शेजारच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून सांगणारी माणसे या गावात घरोघर आढळतात. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. आगगाडी पाहावयाची तर हातकणंगल्याला जावे लागते. परंतु यंत्र ऐकण्याची सवय ज्याच्या कानाला लहानपणीच जडली आहे, त्याला तेथील फलाटावर उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाच्या अंगावरील अक्षरांचा अर्थ लावल्याखेरीज चैन पडत नाही.

डब्ल्यूडीएम-३डी, डब्ल्यूडीजी-४, वायडीएम-४ ही नावे प्रथमदर्शनी रुक्ष आणि दुर्बोध वाटतात. वस्तुतः ती सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी रकान्या-रकान्यांनी वाचावयाची असतात. पहिले अक्षर रुळांच्या रुंदीचे: डब्ल्यू म्हणजे साडेपाच फुटी ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी रूळ आणि एन म्हणजे दोन फुटी. दुसरे अक्षर डी, म्हणजे डिझेल. तिसरे कामाचे: पी प्रवासी गाड्यांसाठी, जी मालगाड्यांसाठी, एस शंटिंगसाठी आणि एम दोन्ही प्रकारच्या ओढीसाठी.

यांतील पहिल्या अक्षराचे मर्म आम्हां दक्षिण महाराष्ट्रातील लोकांना पुस्तकावाचून कळले, याचे श्रेय मिरज जंक्शनला दिले पाहिजे. कोल्हापूर संस्थानच्या अमदानीत, १८९१ साली, मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू झाला तो मीटरगेजचा. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ मिरजेस येऊन भिडले. आणि १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी छोटी गाडी आणि पुण्याकडून आलेली मोठी गाडी अशा तिन्ही रुंदी त्या एकाच स्थानकात कित्येक वर्षे नांदल्या. चौथ्या रुंदीचे एन हे अक्षर पाहावयाचे तर माथेरान गाठावे. तेथील दोन फुटी रुळांवर जर्मनीच्या आर्नोल्ड युंग कंपनीची एनडीएम-१ ही चिमुकली इंजिने डोंगर चढत असत.

आकड्यांच्या बाबतीत मात्र जुने दप्तर आणि नवे दप्तर निरनिराळे आहे, आणि जाणता माणूसही नेमका येथेच फसतो. पूर्वी आकडा केवळ अनुक्रमाचा होता. म्हणून १९६२ च्या सुमारास आलेल्या डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूडीएम-४ या दोहोंची शक्ती सारखीच, म्हणजे २६०० अश्वशक्ती होती. पुढे २००२ च्या सुमारास आकडा हजार अश्वशक्तींचा आणि त्यापुढील अक्षर शेकड्याचे, असा नवा कायदा झाला. त्यानुसार डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३१०० अश्वशक्ती हा हिशेब चोख जुळतो, पण डब्ल्यूडीएम-३डी या नावावरून ३४०० मोजावेत तर प्रत्यक्षात ते इंजिन ३३०० चे निघते.

इतका तपशील सांगणाऱ्या या चौकटीत इंजिन घडविणाऱ्याला स्वतंत्र रकाना नाही, ही गोष्ट मला फार खटकते. डब्ल्यूडीएम-२ चा आराखडा न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीचा, तर डब्ल्यूडीएम-४ चा जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचा. अल्कोने आपली विद्या भारतास देण्याचे मान्य केले म्हणून तिची निवड झाली, आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेत अल्कोचे इंजिन-उत्पादन बंद झाले. वाराणसीत मात्र त्याच वंशाची इंजिने पुढे कित्येक दशके निर्माण होत राहिली. वंशाचा मूळ पुरुष निवर्तला, आणि गंगेकाठी त्याचे घराणे भरभराटीस आले! पुढे १९९९ साली डब्ल्यूडीजी-४ च्या रूपाने जनरल मोटर्सचे घराणे पुन्हा भारतात आले. त्या कंपनीने आपला इलेक्ट्रो-मोटिव्ह विभाग २००५ साली विकला, आणि २०१० साली तो कॅटरपिलरच्या मालकीच्या कंपनीकडे गेला. तसेच बिहारमधील मढौऱ्यास डिझेल इंजिनांचा कारखाना उभारणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकचा इंजिन-व्यवसाय २०१९ साली वॅबटेकमध्ये विलीन झाला. मालक असे बदलत गेले, तरी डब्यांपुढे उभ्या इंजिनाच्या अंगावरील अक्षरे जशीच्या तशी राहिली.

महालक्ष्मी एक्सप्रेससारख्या आमच्याकडील गाड्या पुण्याच्या शेडची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे ओढीत आली, आणि त्यांचे घराणे ओळखण्याचे साधन म्हणजे कान आणि धूर. अल्कोचे चार-स्ट्रोकी इंजिन उभ्या जागी अडखळत्या तालात धडधडते. चालकाने शक्ती-नियंत्रकाची खाच (नॉच) वाढविली की आत इंधन तत्काळ वाढते, पण बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घेण्यास अवधी लागतो, हवा अपुरी पडते, आणि काळ्या धुराचा लोट आकाशात उसळतो. इलेक्ट्रो-मोटिव्हच्या दोन-स्ट्रोकी इंजिनात मंद गतीला तोच टर्बो दंतचक्रांच्या साह्याने फिरविला जातो. सबब हवा वेळेवर मिळते, धूर कमी निघतो आणि आवाजही एकसुरी राहतो. वरच्या अक्षरांत ज्याचा उल्लेख नाही, ते सारे या दोन खुणांत उघड होते.

मिरज-कोल्हापूर मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत आणि डिझेल इंजिनांचे दर्शन दुर्मिळ होत चालले आहे. जी इंजिने मोडीत न काढता स्थानकांसमोर वा संग्रहालयांत ठेवली जातील, त्यांच्या फलकांवर नमुन्याच्या अक्षरांइतक्याच ठळकपणे आराखडा कोणाचा, बांधणी कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या साली झाली, हे मराठीत लिहावे, एवढी रेल्वे खात्याला माझी कळकळीची विनंती आहे.